जुन्या सालचा सोमवार

यंदाच्या एक जानेवारीला आमच्या शेजारच्या गुणवंतकाकांनी भिंतीवर जे कॅलेंडर लावलं, ते सतरा वर्षांपूर्वीचं होतं. चुकून नाही. ट्रंकेतून शोधून, धूळ झटकून, खिळ्यावर सरळ बसतं की नाही हे दोन पावलं मागं जाऊन पाहून लावलं. रोज सकाळी चहाची कपबशी हातात घेऊन ते त्याच्यासमोर उभे राहायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे आणि आज काय वार ते पाहायचे. वार बरोबर निघायचा. तिथी तेवढी निघायची नाही.

यामागचं शास्त्र त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं.

"तू इचारून राहिली म्हणून सांगतो," ते म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं, मी विरजण मागायला गेले होते. "साल फिरून येते, शालू. कधी सहा वर्सानं, कधी अकरा वर्सानं. तारखा त्याच, वार तेच. मंग नवं कॅलेंडर घ्याचं कावून?"

"अन् लीप वर्स आलं तं?"

"तवा दोन लागते. फेब्रुवारीलोक एक, मार्चापासून दुसरं." मग माझ्याकडे पाहून हळहळले. "एवढी शिकली, अन् हे नाई समजलं तुले?"

शिकले मी खरीच. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. बी.ए. झाले, एलएल.बी. झाले, आता अमरावतीच्या कोर्टात वकिली करते. वडील मेथी, पालक, वांगी लावतात आणि चांदूर रेल्वेच्या बाजारात नेऊन विकतात. हे मी जिथं तिथं सांगते, कारण मी नाही सांगितलं तर सांगणार कोण? निकालाचे पेढे घेऊन काकांकडे गेले तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "झालं ना शिकून? ये मंग इकडं, कलमाले पानी दे."

गावात काकांना चिंगूस म्हणतात. मीही म्हणायचे. नवं कॅलेंडर घ्यायला ज्याचा जीव जातो त्याला दुसरं काय म्हणणार? चिंगूस माणूस गावातल्या प्रत्येक लग्नात आहेर म्हणून संत्र्याची पाच कलमं कशी देतो, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

जुन्या कॅलेंडरातल्या तिथी आठ-दहा दिवस इकडं नाही तर तिकडं सरकलेल्या. त्यामुळे काकांची एकादशी आणि गावाची एकादशी यांची कधी गाठच पडायची नाही. आमच्या चुलीवर भरली वांगी असली की काका साबुदाणा खात बसलेले. आम्ही उपाशी असलो की त्यांच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास यायचा. एकदा आई न राहवून म्हणाली, "भाऊजी, आज एकादशी हाय."

"वहिनी, एकादशी म्हंजे पोटाले सुटी," काका म्हणाले. "पोटाले काय समजते, कोन्त्या सालची हाय?"

कौंडण्यपूरच्या यात्रेला ते एका वर्षी दहा दिवस उशिरा पोचले. पाळणे उतरलेले, दुकानं उठलेली, मैदानात कागदाचे बोळे आणि दोन कुत्री. काकांनी वर्धा नदीत आंघोळ केली, देवळात ऐसपैस बसून दर्शन घेतलं आणि परत येऊन पारावर जाहीर केलं, "यात्रा कराची तं अशी. धक्का नाई, बुक्का नाई. देव मोकळा बसून होता, बापा."

काकांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. जंभेरी लिंबाच्या रोपाला चाकूनं चीर पाडायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा, म्हणजे जिथून पालवी फुटते तो बारीकसा कोंब, त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. याला डोळा बांधणं म्हणतात. ही थंडीतली कामं, आणि आमच्याकडे हे बरेच जण करतात. पण काका पट्टीच्या आधी चिरेला एक मलम लावतात. कोरफडीचा गर, गेरू आणि बाभळीचा डिंक, पाट्यावर वाटून. त्यानं जखम सडत नाही. काकांची कलमं फुटलेली पाहिली की कोणाचाही विश्वास बसावा.

या मलमाची गोष्ट सांगायला त्यांना निमित्त लागत नाही. बसस्टँडवर, पंगतीत, एकदा तर मयतीला आलेल्या पाहुण्यांना लाकडं रचून होईपर्यंत. "तू इचारून राहिला म्हणून सांगतो," असं म्हणत उजवा हात वर जायचा, पंजा उघडायचा. "हे मलम याच हातानं काढलं. याच!"

पंचफुलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, जिवंत होती तेव्हा ती मागं दारात उभी राहून हे ऐकायची. मलम तीच वाटायची, पण बोलायची काही नाही. नवऱ्याचं संपेल तेव्हा बाई बोलेल ना! ती वारली त्याला नऊ वर्षं झाली.

तर जानेवारीतच एक दिवस कोर्टाचा बेलीफ काकांच्या दारात आला. मी त्या दिवशी गावात होते. काका कागद घेऊन सरळ आमच्या घरी आले. इंग्रजी कागद त्यांनी उलटा धरला होता.

"शालू, हे अमेरिकेच्या कोर्टाचं हाय म्हंते. म्या अमेरिकेचं काय बिघडवलं वं?"

भानगड अशी होती. अमेरिकेतल्या दोन कंपन्या तिथल्या कोर्टात भांडत होत्या. एक म्हणत होती, झाडाच्या जखमेचं असं मलम आम्ही शोधलं, पेटंट आमचं, दुसऱ्या कोणी करायचं नाही. दुसरी म्हणत होती, तुम्ही काय शोधलं, लोक हे आधीपासून करतात. मग दाखवा कोण करतं, असं झाल्यावर दुसऱ्या कंपनीच्या वकिलांनी जगभरचे कागद उपसले. त्यात त्यांना अकोल्याला शेतकी शिकलेल्या एका मुलीचा जुना प्रबंध सापडला. बार्शीटाकळीकडची मुलगी, कधीतरी आमच्या गावात येऊन नर्सरी पाहून गेली होती. तिनं लिहिलं होतं की चांदूर रेल्वे तालुक्यातले एक कलमवाले असा लेप वापरतात आणि कलमांच्या नोंदी घरच्या कॅलेंडरवर ठेवतात. खाली काकांचं नाव. त्या दोन ओळी धरून अमेरिका आमच्या गावात आली.

आता परदेशातल्या कोर्टाला आमच्या गावातल्या माणसावर सरळ हुकूम सोडता येत नाही. शेजारच्या सुनेला काही मागायचं तर आधी तिच्या सासूच्या कानावर घालावं लागतं, तसंच हे. तिथल्या कोर्टानं आपल्याकडे विनंतीपत्र पाठवलं. आपल्या हायकोर्टानं साक्ष नोंदवायला अमरावतीचे एक ज्येष्ठ वकील कमिशनर म्हणून नेमले. आणि हुकूम निघाला की गुणवंतरावांनी हजर राहून शपथेवर जबाब द्यावा आणि नोंदी असलेली कॅलेंडरं दाखल करावीत. मूळ कॅलेंडरं. झेरॉक्स नाही.

हे समजावून सांगितल्यावर काकांची छाती फुगली. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं की अमेरिकेला आता गुणवंताशिवाय निभत नाही. हुकुमाचा दुसरा भाग मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

"जबाब दोन देतो," ते म्हणाले. "कॅलेंडर नाई देत."

"काका, कोर्टाचा हुकूम हाय."

"मले वार कसा समजन मंग?"

मी दुसऱ्या दिवशी त्यांना यंदाचं नवंकोरं कॅलेंडर आणून दिलं. त्यांनी गुंडाळीचा दोरासुद्धा सोडला नाही, कणगीमागं उभं करून ठेवलं. मग जरा वेळानं विचारलं, "जुने परत भेटतीन ना?"

वकिलानं खोटी आशा दाखवू नये, असं मी मानते. "केस चालू हाय तवलोक कोर्टात राहतीन. तिकडं न्यायचे म्हटले तं तिकडं जातीन. परत येतीन का, मले नाई सांगता येत, काका."

"म्हंजे नाई भेटनार."

"असं नाई म्हटलं मी."

"तू वकील हायस. तुह्या 'नाई म्हटलं'चा अर्थ मले समजते."

त्यानंतर महिनाभर ते मला भेटले की हाच प्रश्न. विहिरीवर, बसमध्ये, आमच्या ओट्यावर. परत भेटतीन ना? मला वाटायचं, चिंगूसपणाची हद्द झाली. रद्दीत दिली तर चहाही येणार नाही अशा कागदांसाठी एवढा जीव!

साक्षीची पहिली तारीख फेब्रुवारीतल्या एका सोमवारची होती. संध्याकाळी सहाची वेळ, कारण तेव्हा तिकडं सकाळ असते. मी साक्षीदाराची वकील म्हणून पाचलाच अमरावतीच्या कोर्टातल्या एका खोलीत जाऊन बसले. कमिशनर बापूसाहेब आले. पुण्याहून एक दुभाषी आला होता, तो आला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अमेरिकेतले वकील कॉफीचे पेले घेऊन हजर झाले. सव्वासहा झाले. काकांचा पत्ता नाही. मी बाहेर येऊन फोन लावला.

"काका, कुठं हा तुमी?"

"मंदिरात."

"आज तारीख होती ना!"

"आज कशी असन? महाशिवरात्रीची सुटी हाय. कॅलेंडरात लाल हाय सोमवार."

"काका, महाशिवरात्र होऊन आठ दिवस झाले!"

घंटेचा एक टोला ऐकू आला. मग काका म्हणाले, "तरीच म्हटलं, कोनी कसं नाई दर्शनाले."

आत बापूसाहेबांनी लिहिलं होतं, 'साक्षीदार गैरहजर. कारण', आणि पेन धरून माझ्याकडे पाहत होते. मी कारण सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, डोळे चोळले. "बाई," ते म्हणाले, "हे मी इंग्रजीत कसं लिहू?"

पुढची तारीख मार्चच्या सुरुवातीची पडली, आणि पुढच्या वेळी साक्षीदार आला नाही तर कडक पावलं उचलावी लागतील, अशी ओळही पडली. ती मी काकांना वाचून दाखवली. "अरेस्ट करतीन?" त्यांनी विचारलं. "करू शकते," मी म्हटलं. ते उठून आत गेले. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाल्याचा आला नाही.

या वेळी मी स्वतः त्यांना गावातून बसनं घेऊन गेले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, आणि मांडीवर एक गाठोडं. हिरव्या लुगड्यात बांधलेलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, ते वर ठेवा ना."

"तू बस वर," काका म्हणाले.

बापूसाहेबांच्या घरी तीन पिढ्या वकिली आहे. आमच्या घरी तीन पिढ्या वांगी. पण त्या दिवशी त्या खोलीत साक्षीदाराची भाषा नीट समजणारी मीच होते, हे नमूद करते. दुभाषी हुशार, पण पुण्याचा. काकांनी सांगितलं, "थंडीत मी सकाळपासून डोळे बांधून राहिलो होतो," आणि त्यानं काय भाषांतर केलं देव जाणे, पडद्यावरच्या वकिलानं काळजीच्या सुरात विचारलं की साक्षीदाराला डोळ्यांवर पट्टी बांधून कोणी आणि का ठेवलं होतं? त्यानंतर बापूसाहेबांनी ठरवून टाकलं की काका मला सांगतील, मी दुभाष्याला मराठीत सांगेन आणि तो पुढं इंग्रजीत सांगेल. अमेरिका त्या दिवशी दोन पायऱ्या चढून आमच्यापर्यंत पोचत होती.

खरी गंमत वेगळीच होती. आयुष्यभर कोणी न विचारता बोललेला माणूस, समुद्रापलीकडून विचारणारे आले तर मुका झाला. शपथ घेताना काकांचा आवाज ठीक होता. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. मग पहिल्या कंपनीच्या, म्हणजे पेटंटवाल्यांच्या वकिलानं उलट तपासणी सुरू केली. विचारलं, "हे मलम सगळ्यात आधी कोणी तयार केलं?"

मी मनात म्हटलं, आता हात वर जाणार. हात निघालाही. छातीपर्यंत आला, तिथं थांबला आणि परत मांडीवर जाऊन बसला.

"पानी भेटन का?" काका म्हणाले.

पाणी आलं. वकिलानं तो प्रश्न बाजूला ठेवला आणि कॅलेंडरांकडे वळला. गाठोडं सोडलेलं होतं, कॅमेऱ्यासमोर एकेक पान धरलं जात होतं. चौकोनात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'डोळे ४०', 'डोळे ६५'. आणि त्याच चौकोनात तांबूस करडा डाग, बोटभर.

"पेन्सिलीची अक्षरं कोणाची?"

"माही."

"आणि हे डाग?"

"मलमाचे."

"कसे पडले?"

"पुसल्यानं."

"प्रत्येक डागासोबत डोळे बांधल्याची नोंद आहे. सगळे थंडीच्या महिन्यांत. बरोबर?"

"हो."

"मे महिन्यात तुम्ही डोळे बांधता का?"

"मे महिन्यात कोन डोळे बांधते?" काका एकदम जागे झाले. "येडा हाय का तो?"

मी दुभाष्याकडे पाहिलं. बापूसाहेब म्हणाले, "फक्त 'नाही' एवढंच सांगा."

पडद्यावरच्या वकिलानं पान धरायला सांगितलं. यंदा भिंतीवर होतं ते सतरा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, मे महिना. एका गुरुवारच्या चौकोनात तसाच तांबूस डाग. पेन्सिलीची नोंद नाही.

"मग हा डाग कसा?"

त्याचा डाव माझ्या लक्षात आला. पेन्सिल काय, कधीही लिहिता येते. डागही नंतर बसून लावता येतात. लावणाऱ्याला ऋतूचं भान राहिलं नाही आणि एक डाग मे महिन्यात पडला, असं त्याला दाखवायचं होतं. एक खोटा ठरला की सगळे खोटे. आणि पारावर, पंगतीत, मयतीत सांगत आलेले काका खोटे.

काका उठले. बापूसाहेबांच्या हातून कॅलेंडर घेतलं. चष्मा कपाळावरच होता, तो खाली आणला नाही. ते पान त्यांना चष्म्याशिवाय दिसत होतं.

"हा तं माहा डाग हाय," ते म्हणाले. आवाज एकदम घरातला. "त्या दिवशी इळ्यानं माहा अंगठा फाटला होता. रगत थांबे नाई. भर दुपार, चांदूरले जाले गाडी नाई. तिनं पाट्यावर मलम वाटलं, अंगठ्याले थापलं, लुगड्याची चिंधी फाडून बांधलं. मी ओरडून राहिलो, तं म्हने, हालू नका, डोळा बांधून राहिली मी."

मी ते दुभाष्याला सांगितलं. दुभाषी थांबला. "तिनं म्हणजे कोणी?" त्यानं हळूच विचारलं. हा प्रश्न अमेरिकेचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता.

"माही घरवाली. पंचफुला."

मग त्यांनी उजवा हात वर केला, पंजा उघडला, जसा नेहमी उघडतात तसा, आणि कॅमेऱ्याकडे नेला. अंगठ्यावर तिरपी पांढरी खूण होती. कलमाच्या चिरेसारखी सरळ, साफ भरून आलेली. तीस वर्षं मी हा हात पाहत आले. 'याच हातानं' ऐकायचं नको म्हणून मी दर वेळी दुसरीकडे बघायचे.

"मघा तुमी इचारलं, मलम कोनाचं," काका म्हणाले. "तिचं. तिनं एका जंभेरीले लावून पाह्यलं, मले न सांगता. म्या पाह्यलं तं म्हटलं, हा काय चिखल थापला? ते कलम सगळ्याइच्या आधी फुटलं. मंग म्या गावात सांगितलं, म्या केलं. ती मांगं उभी होती. काई नाई बोलली. हात माहा होता साहेब, अक्कल तिची."

काकांनी कॅलेंडरातल्या डागावर बोट ठेवलं.

"तिले लिहिता नव्हतं येत. मलम लावून झालं की घरात येऊन त्या तारखेवर बोट पुसे. मी लिहो पेन्सिलीनं, अन् ती पुसे. मी रागावो, कॅलेंडर कावून खराब करतं वं? तं म्हने, कापड नाई सापडलं." काका थोडे हसले. "अन् पदर खांद्यावर!"

मी सांगितलं. दुभाष्यानं सांगितलं. पडद्यावरच्या वकिलानं समोरचे कागद एकत्र केले आणि तो काहीतरी बोलला. दुभाषी म्हणाला, "त्यांना आणखी प्रश्न नाहीत. ते म्हणतात, बाबांना हवं तर आणखी पाणी द्या."

कॅलेंडरं सीलबंद झाली. चौदा. प्रत्येकाचं साल यादीत लिहिलं गेलं, काकांनी यादीखाली सही केली. या वेळी त्यांनी परत मिळतील का, हे विचारलं नाही. टेबलावर हिरवं लुगडं पडलं होतं. बापूसाहेबांनी यादीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हे यादीत नाही. हे तुमचं तुम्ही घेऊन जा." काकांनी त्याची घडी घातली. बाईमाणसासारखी, काठाला काठ लावून.

परतीच्या बसमध्ये काकांनी ती घडी मांडीवर ठेवली. मी हिशेब करत बसले. जुनी कॅलेंडरं लावायचं खूळ यांना कधीपासून लागलं? आम्ही इतकी वर्षं हसलो, पण हे कोणी मोजलं नव्हतं. नऊ वर्षं. साल फिरून येतं, वार तेच येतात. तिनं सोमवारी पुसलेलं बोट सोमवारी सकाळीच, चहाच्या वेळी, समोर येतं. नव्या कॅलेंडरात ते कुठून येणार?

यंदाचा गुढीपाडवा काकांनी गावाबरोबर केला. त्यांच्या दारात बरोबर दिवशी गुढी पाहून आई घाबरली. "भाऊजीची तब्येत बरी हाय ना?" म्हणाली. तिकडच्या केसचं काय झालं ते अजून समजलं नाही. कॅलेंडरं अजून सीलमध्ये आहेत. मी दर महिन्याला अर्ज टाकते, आणि टाकत राहणार.

पाडव्यानंतर चार दिवसांनी विरजण मागायला गेले. त्याच खिळ्यावर मी आणलेलं कॅलेंडर होतं. गुंडाळीची वळकटी अजून सुटलेली नव्हती, खालचं टोक वर वळून येत होतं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एकदाचं यंदाचं साल लागलं या घराला. आणि जवळ गेले तर आजच्या तारखेवर, थेट चौकोनात, तांबूस करडा डाग. ओला.

काका आतून आले. पाटा धुवून उभा केलेला दिसत होता. उजव्या हाताचं बोट गेरूनं माखलेलं.

"काका, हे काय? या उन्हात कुठं डोळे बांधले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डागाकडे पाहिलं.

"तू इचारून राहिली म्हणून सांगतो," ते म्हणाले. या वेळी मी खरंच विचारलं होतं. त्यांच्या खांद्यावर धुतलेला, पांढराशुभ्र दुपट्टा होता.

"कापड नाई सापडलं."